मालकाचं नाव

मेंदूचा अभ्यास करणारे लोक आमच्या अमडापुरात आले, तेव्हा मायला त्यांच्याकडं न्यावं की नाही यावरून मी कितीतरी दिवस स्वतःशीच भांडत होते. माय हल्ली भाजीत दोनदा मीठ टाकायची, गॅस पेटता सोडून वावरात जायची. "वय झालं, दुसरं काय!" असं मी सगळ्यांना ठणकावून सांगायचे, पण मनातून घाबरलेलीच असायचे. खरं कळलं तर? शेवटी नेलं.

शाळेच्या खोलीत शहरातली एक पोरगी टॅबलेट घेऊन बसली होती. म्हातारपणी माणूस विसरायला का लागतो, याचं त्यांचं संशोधन. गल्लीतल्या बाया नंबर लावून दाराशी बसलेल्या. मायनं वार सांगितला, गाव सांगितलं, नातवंडांची नावं सांगितली. मला जरा हायसं वाटलं.

"आजी, तुमच्या मिस्टरांचं नाव?"

माय पदर सावरत खाली बघू लागली. पोरीनं पुन्हा विचारलं, थोडं थांबली आणि स्क्रीनवर बोट टेकवलं.

माझं डोकंच फिरलं. "अहो, काय लिहिता? विसरली नाही ती! आमच्याकडच्या म्हाताऱ्या बाया मालकाचं नाव तोंडानं घेत नाहीत. जन्मात घेतलं नाही तिनं!"

"मग विचारू कसं?" पोरगी गोंधळली.

"उखाण्यात घेईल की! माय, घे वं उखाणा."

दारातल्या बाया खूश. "घ्या ना बुढीमाय, लाजता काऊन?"

माय चक्क लाजली. लग्नाकार्यात दार अडवलं की तिचा एकच ठरलेला उखाणा. मलाही तो पाठ होता.

"कापसाच्या वावरात फुटलं पांढरं बोंड..."

आणि थांबली. आता नाव यायचं होतं.

ती माझ्याकडं वळली. ओठांवर हसू तसंच होतं, डोळे मात्र घाबरलेले. कानाशी येऊन हळूच म्हणाली, "नाव सांग वं पोरी. बाकीचं येते मले."

मी तिच्या कानात बाबांचं नाव सांगितलं. तिनं ते खणखणीत घेतलं आणि पुढं म्हणाली, "...यायचं नाव घ्याले लाजते माह्यं तोंड!" बायांनी टाळ्या वाजवल्या.

"सॉरी हं, मला ही पद्धत माहीत नव्हती," पोरगी म्हणाली. "आता बरोबर लिहिते."

माय परीक्षेत पास झाल्यासारखी माझ्याकडं बघत होती. तिचा हात मी घट्ट धरला.

"नका लिहू," मी म्हणाले. "नाव मी सांगितलं."