हॅरिएटच्या घरात

साताऱ्याहून निघाले त्या सकाळी शाळेत माझ्या जागेवर नवीन बाई रुजू झाल्या. टॅक्सीत पाण्याची बाटली ठेवत आई म्हणाली, "इतिहासच शिकवायचाय ना? त्यांचाही असेलच की काहीतरी!" नवऱ्याला, निखिलला, ऑस्ट्रेलियातल्या टूवूंबात इंजिनियरची नोकरी मिळाली होती आणि मी त्याच्यामागून निघाले होते.

इथे आल्यावर कळलं, आपण अडकलोय. व्हिसाची अट अशी की त्याने तीच कंपनी धरून ठेवायची आणि आम्ही याच भागात राहायचं. सिडनीतले मित्र फोनवर म्हणायचे, "नो वरीज, जातील गं वर्षं." त्यांच्याकडे ट्रेन होत्या. इथे गाडी निखिल शिफ्टला न्यायचा, बस क्वचितच, आणि माझ्या बी.एड.वर इथे शिकवता येत नव्हतं. फोटो बघून तुम्ही साताऱ्याचे सगळे लिहायचात, "किती मोकळं आहे तिकडे!" त्या मोकळ्या मुलखात मी दिवसभर चार भिंतींत असायचे.

मग चालत जाता येईल असं एक जुनं घर सापडलं. या भागात मेंढ्या घेऊन पहिल्यांदा आलेल्या इंग्रजांपैकी एकाचं. आता तिथे म्युझियम आहे. तिथे मी व्हॉलंटियर गाइड झाले. तिथलं सगळं मार्गारेट बघायची. तिने दिलेली माहिती मी पाठ केली: रान तोडून घर कसं उभं राहिलं, मालकाची बायको हॅरिएट जहाजाने कशी आली आणि आईला पुन्हा कधीच कशी भेटली नाही. इथे माझा आवाज दर वेळी भरून यायचा. पाहुण्यांना ते फार आवडायचं. खरं तर मी माझंच सांगत होते.

एका दुपारी गटात एक वयस्कर बाई होत्या, इथल्या मूळ रहिवाशांपैकी. बाकीचे पुढे गेले तरी त्या स्वयंपाकघराच्या खिडकीशी थांबल्या.

"माझी आजी इथे कामाला होती," त्या म्हणाल्या. "लहानपणीच आणून ठेवलं तिला. परवानगीशिवाय फाटकाबाहेर जायचं नाही, असा कायदाच होता. तो डोंगर दिसतो? त्याच्या पायथ्याशी तिची माणसं राहायची. भांडी घासताना रोज दिसायचा तिला."

"मग गेली का ती परत?"

"म्हातारपणी. तेव्हा तिथे कोणी उरलं नव्हतं."

त्यांचं नाव रोझ. सगळे त्यांना आंटी रोझ म्हणतात.

त्यांना विचारून पुढच्या टूरपासून मी त्यांच्या आजीचंही सांगू लागले. मार्गारेटने बाजूला बोलावलं. "डिअर, लोक वीकेंडला येतात. उदास होऊन कशाला जातील? दिलंय तेवढंच सांग."

"मी इतिहासाची शिक्षिका आहे," मी म्हटलं. "दोघी याच घरात राहिल्या. एकीचंच कसं सांगू?"

"मग आपलं जमणार नाही," ती शांतपणे म्हणाली.

निखिल घाबरला. "गाव लहान आहे गं. पीआर मिळून इथे कायमचं राहता येईपर्यंत गप्प बसायचं होतंस." त्याचंही चुकत नव्हतं. पण मला बाहेर पडायला तेवढं एकच निमित्त होतं, तेही गेलं. पुन्हा मी, टीव्ही आणि रिकामी गल्ली.

काही आठवड्यांनी दारात हॉर्न वाजला. आंटी रोझला सगळं कळलं होतं. "चल, बस गाडीत," एवढंच म्हणाल्या.

आम्ही त्या डोंगराच्या पायथ्याशी गेलो. तिथे काटेरी तार होती, पलीकडे कुणाची तरी गुरं चरत होती. आंटी रोझने तारेवर हात ठेवला. "मी इथवर येते. पुढे खासगी जमीन आहे."

मग त्यांनी विचारलं, "तुझं घर कुठे?"

सातारा म्हणताना पहिल्यांदाच मला रडू आलं नाही. माझं घर जागेवर आहे, आई घरात आहे. मला अडकवणाऱ्या कागदावर मी स्वतः सही केली आहे. व्हिसाची मुदत अजून बाकी आहे आणि दिवस अजूनही सरता सरत नाहीत. पण घर म्हणजे काय, असं आता कुणी विचारलं तर सांगेन, जिथे परत जायला वाट शिल्लक आहे ते. माझी आहे. आंटी रोझचं घर समोर दिसत होतं, आणि आम्ही दोघी तारेच्या अलीकडे उभ्या होतो.