सरूआत्या आणि पेटीतले पाहुणे

सरूआत्याच्या दारात तलाठी येवो, बोहारीण येवो की चुकलेलं वासरू, तिचा पहिला प्रश्न ठरलेला असे, "कोन्या गावचं व्हय?" वासराला विचारलं तरी ती जरा वेळ उत्तराची वाट पाहायची. मग पाणी ठेवायची.

ही माझ्या बाबांची थोरली बहीण. विधवा होऊन रिठदला माहेरी आली आणि गोठा, चूल, बाबा या क्रमाने सारं घर तिने ताब्यात घेतलं. 

मी तेव्हा नागपूरला डॉक्टरी शिकत होतो, म्हणजे शरीरशास्त्रात नापास झालो होतो. बाबा म्हणाले, "या खेपेले नापास झाला तं घरी ये अन् तिफन धर." पेरणीची ती तिफन मी पूर्वी धरून पाहिली होती. बैलांनी मला शेजाऱ्याच्या वावरात नेऊन सोडलं होतं. तेव्हा पास होणं मला आणि शेजाऱ्याला, दोघांनाही गरजेचं होतं. म्हणून उन्हाळ्याच्या सुटीत एका मित्राची हाडांची पेटी मागून आणली आणि घरी सांगितलं, पुस्तकं आहेत.

पुस्तकांना कसर लागू नये म्हणून आत्याने कडुलिंबाचा पाला घालायला पेटी उघडली. मी ओसरीवर आंबा चोखत होतो. आता किंकाळी येणार म्हणून डोळे मिटले. पण आला तो नेहमीचाच आवाज.

"काहून रे लेका, हे कोन व्हय? कोन्या गावचं?"

"ते कोनी नाही आत्या. अभ्यासाचं हाय."

"कोनी नाही कसं? आभायातून पडलं काय?"

मला वाटलं, विद्या दाखवावी म्हणजे गप्प बसेल. पुस्तकात आकारावरून हाडांचे पाच प्रकार होते, त्याप्रमाणे मी एकेक हाड तिच्यापुढे नाचवलं. मांडीचं ते लांब हाड. मनगटातली आखूड. खांद्याचा फरा चपटा. पाठीचे मणके वेडेवाकडे. आणि गुडघ्याची वाटी तिळासारखी.

"एवढा मोठा तीळ? कोन्या वावरातला?" तिने वाटी उलटीपालटी करून पाहिली. "हे तं आकार झाले. मी मानूस इचारून राह्यली. बाप्या हाय का बाई?"

मला माहीत नव्हतं. वर्गात कोणी विचारलंच नव्हतं, किंवा विचारलं तेव्हा मी झोपलो होतो.

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, जवळ आली होती. त्या दिवशी आमच्याकडे घरातल्या प्रत्येक गेलेल्या माणसाच्या नावाने मातीची घागर भरतात आणि पान वाढतात. पेटीतलं माणूस आपल्या घरात आहे आणि त्याचं करणारं कोणी नाही, तेव्हा त्याची घागर आपणच भरायची, असं आत्याने ठरवून टाकलं. पेटीला कुलूप लावून किल्ली कमरेला खोचली. "रोज काढून देईन, अभ्यास कर. पन कोन हाय हे सांगतल्याबिगर पेटी वाशीमच्या ठेसनावर जानार नाही."

पेटी परत गेली नसती तर मित्राने मला नागपुरात पाय ठेवू दिला नसता. मी कामाला लागलो. आधी सांगितलं, एक बाप्या. मग मांडीची दोन्ही हाडं उजवीच दिसली, म्हणून दोन बाप्ये. जेवल्यावर कळलं, एक डावं आहे. मीच उलटं धरलं होतं. पुन्हा एक.

घागरी घेऊन दारात आलेल्या कुंभाराला आत्या म्हणाली, "थांब बाप्पा. डाक्टरचं ठरून राह्यलं."

"असा डाक्टर गावात आला तं मेलेले मोजताच येनार नाहीत," बाबा पडवीतून म्हणाले.

मी चिडून सगळी हाडं सतरंजीवर मांडली. डाव्या मांडीचा गोळा कमरेच्या खोबणीत अलगद बसला. कंबर रुंद, म्हणजे बाई. उजव्याचा गोळा काही केल्या शिरेना. हाडही बोटभर लांब. म्हणजे दुसरा कोणी, बहुधा बाप्या. आणि जबड्यात दाढा पुऱ्या उगवलेल्याच नव्हत्या. ते पोर होतं.

"तीन," मी म्हणालो. मणक्यांचं काही बोललो नाही. त्यांत आणखी किती जण होते कोण जाणे.

आत्या म्हणाली, "तिघं एका पेटीत, अन् कोनी कोनाले वळखत नाही."

भटजी म्हणाले, नाव नाही, गोत्र नाही, संकल्प कसा सोडू? "गोत्र नाही तं तहान लागत नाही काय?" आत्याने विचारलं आणि तीन घागरी स्वतःच भरल्या. पोराच्या पानात आंब्याचा रस जास्त वाढला. किल्ली माझ्या हातात दिली.

परीक्षेत परीक्षकांनी मांडीचं हाड पुढे केलं. "प्रकार कोणता?"

"बाई आहे सर."

त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. मी घाईघाईने "लांब, लांब" म्हणालो. पास कसा झालो, ते मला आजही नीट सांगता येत नाही.

मी वाशीमला दवाखाना टाकल्यावर काही वर्षांनी आत्या तापाने गेली. तिसऱ्या दिवशी राख सावडायला आम्ही नदीवर गेलो. अस्थी पायाकडून वेचत जायच्या असतात. चुलतभावाने कापड पसरलं आणि म्हणाला, "डाक्टर, तूच सांग. हे कोनतं?"

मी तुकडा हातात घेतला. लांब म्हणावं तर लांब नव्हतं, चपटं म्हणावं तर तेही नव्हतं. मागे सगळे थांबले होते. मी तो कापडावर ठेवला आणि पुढचा उचलला.