साखळीच्या आत उभी असलेली गाडी

ती घटना आजही आठवते, आणि आठवली की आधी गिरगावातल्या त्या गल्लीच्या तोंडाशी लावलेली लोखंडी साखळी डोळ्यांसमोर येते. मी तेव्हा तिथल्या पोलीस ठाण्यात उपनिरीक्षक होते. पुढे मी खातं सोडलं. इथे कोणाचंही नाव मी लिहीत नाही.

त्या शनिवारी जवळच्या स्टेडियममध्ये एका परदेशी रॉक बँडचा कार्यक्रम होता. आजूबाजूचे रस्ते गाड्यांना बंद होते. पार्किंगची सोय लांब केली होती आणि तिथून बस होती. पण बसने कोण जाणार? दुपारपासूनच लोक गिरगावच्या गल्ल्यांत गाडीसाठी जागा शोधत हिंडत होते आणि ठाण्याचा फोन सारखा वाजत होता. प्रत्येकाची तक्रार एकच, आमच्या गेटसमोर कोणीतरी गाडी लावून गेलंय.

संध्याकाळी साडेसातच्या सुमारास एका चाळीतल्या सत्तरीच्या गृहस्थांच्या छातीत कळ आली. अ‍ॅम्ब्युलन्स आली, पण गल्लीत शिरू शकली नाही. साखळीला कुलूप होतं आणि साखळीच्या आत एक मोठी पांढरी गाडी आडवी येईल अशी उभी होती. लोकांनी ती ढकलून पाहिली, हलली नाही. मग चौघांनी त्या गृहस्थांना लाकडी खुर्चीत बसवलं, दुसऱ्या मजल्यावरून खाली उतरवलं आणि गाडी आणि भिंत यांच्यामधल्या फटीतून कसंबसं मुख्य रस्त्यापर्यंत आणलं. रुग्णालयात दाखल करण्यापूर्वीच ते गेले होते. अपमृत्यूची नोंद झाली आणि चौकशी माझ्याकडे आली.

तिसऱ्या दिवशी त्यांच्या पत्नी ठाण्यात आल्या. सोबत चाळीतली सात-आठ माणसं होती. गिरगावात कोणी एकटं पोलीस ठाण्यात येत नाही. चाळ सोबत येते. सगळ्यांत पुढे तिसऱ्या मजल्यावरचे शेजारी होते. खुर्चीचा एक पाय त्यांनीच धरला होता.

"ज्याने गाडी घातली त्याला माझ्यासमोर उभा करा," काकू म्हणाल्या. "मला काही नको. मला फक्त तोंड बघायचंय त्याचं."

मी अर्ज घेतला. "बघते," एवढंच म्हणाले. रडणाऱ्या माणसाशी काय बोलावं हे मला कधीच सुचलं नाही. माझं शिक्षण इंग्रजी शाळेतलं. मराठी जबाब लिहायला मी ठाण्यात शिकले, आणि बोलण्यापेक्षा लिहिणं मला नेहमीच सोपं गेलं.

साखळीची हकिकत शेजाऱ्यांनी सांगितली. चाळीत बाहेरची गाडी येऊ द्यायची नाही, म्हणजे बंब आणि अ‍ॅम्ब्युलन्स यांची वाट मोकळी राहते, हा नियम वारलेल्या गृहस्थांनीच घालून दिला होता. सगळे त्यांना तात्या म्हणत. किल्ली त्यांच्याकडेच असायची.

"मी नवीन गाडी घेतली तेव्हा एक रात्र लावू दे म्हणून हात जोडले," शेजारी म्हणाले. "नाही म्हणजे नाही. सख्ख्या भाच्याच्या लग्नाची गाडीसुद्धा बाहेर उभी केली होती त्यांनी. चार वर्षं आम्ही बोलत नव्हतो. पण माणूस सरळ. त्यांनी स्वतः कधी कोणाला आत घेतलं नाही."

गाडीच्या क्रमांकावरून मालक सापडला. पस्तिशीतला, चांगल्या नोकरीतला. घाबरलेला होता.

"मॅडम, मी जबरदस्तीने नाही घुसलो. मला सांगितलं होतं, लाव म्हणून."

"कोणी?"

माझ्यासोबत हवालदार होते, निवृत्तीला आलेले. ते म्हणाले, "अरे, गाडी काय वरून टाकली काय कोणी? साखळी आहे तिथे."

तेवढ्यात ठाण्यात एक निनावी फोन आला. बाहेर चौकशी कसली करताय, तात्यांच्याच घरात करा, असं म्हणून माणसाने फोन ठेवला. त्या घरात काकूंखेरीज एक मुलगाच होता. मी मालकाला सरळ विचारलं, "तात्यांचा मुलगा तुमच्या ओळखीचा आहे का?" त्याने मान खाली घातली.

मग सगळं बाहेर आलं. तिकीटविक्री सुरू झाली तेव्हा याने अ‍ॅपवर दोन सीट पकडल्या होत्या. खालच्या स्टँडच्या, मंचाच्या समोर, जिन्यालगतच्या. त्या मुलाला तासभर रांगेत थांबूनही काहीच मिळालं नव्हतं. याच्याबरोबर येणाऱ्याने आयत्या वेळी नाही म्हटलं आणि एक सीट मोकळी झाली.

"मी त्याला म्हटलं, सीट माझी, पार्किंग तुझं. मस्करीतच म्हटलं हो मॅडम. तो आधी नाहीच म्हणाला. दोन दिवसांनी त्याचाच फोन आला, घेऊन ये गाडी. गल्लीबाहेरच मी त्याला गाडीची चावी दिली आणि पुढे गेलो, आत त्यानेच घातली."

आईला तोंड बघायचं होतं ते तिच्या मुलाचं होतं. कार्यक्रमात त्याच्या फोनला नेटवर्क नव्हतं. बाहेर आल्यावर त्याला चाळीतून आलेले सगळे कॉल एकदम दिसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलाला बोलावलं. अठ्ठावीसचा असेल. दाढी वाढलेली. खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाला, "मीच घातली गाडी. लिहून घ्या."

"किल्ली?"

"बाबा आंघोळीला गेले तेव्हा खिळ्यावरून काढली."

"मग?"

"गाडी आत घेतली, कुलूप लावलं, किल्ली खिशात टाकली आणि गेलो."

"किल्ली घेऊन स्टेडियममध्ये गेलास?"

"हो."

हवालदारांनी चहाचा कप त्याच्यापुढे सरकवला. "चोरी केलीस म्हणतोस, पण बोलतोयस पाठ केल्यासारखा. शाळेत असाच नापास व्हायचास काय रे?"

तो हसला नाही. चहाला हातही लावला नाही.

पोलिसांत मी एक गोष्ट शिकले होते. खोटं बोलणारा माणूस सहसा स्वतःला वाचवतो. हा स्वतःला खाली ढकलत होता. मी फाईल काढली. रुग्णालयात केलेल्या पंचनाम्यात मृताच्या अंगावरच्या वस्तूंची यादी होती. एक चष्मा, एक रुमाल, जानवं, शर्टाच्या खिशात पितळेची एक लहान किल्ली. यादी मी त्याच्यापुढे ठेवली आणि त्या ओळीवर बोट ठेवलं.

त्याने ती ओळ वाचली आणि यादी उलटी करून ठेवली.

गल्लीच्या तोंडाशी एक इस्त्रीवाला बसतो. त्याचा जबाब मी आदल्या संध्याकाळीच घेतला होता. तो म्हणाला होता, "तात्या खुद खडे थे, मॅडम. खांद्यावर टॉवेल, हाताने येऊ दे, येऊ दे करत. गाडी लागल्यावर बोनेटवर थाप मारली. मीच म्हटलं, तात्या, आज सूरज किधर से? तर म्हणाले, गप रे, चार तासांचा प्रश्न आहे."

हे मी मुलाला वाचून दाखवलं. तो टेबलावर डोकं ठेवून रडला. मग सांगू लागला.

"मी मित्राला फोनवर नाहीच सांगत होतो. म्हटलं, बाबा देणार नाहीत, विषय सोड. बाबा आत पेपर वाचत होते. फोन ठेवला तर म्हणाले, किती दिवस ती गाणी ऐकतोयस भिंतीकडे तोंड करून. जा. मी म्हटलं, लोक काय म्हणतील? तर म्हणाले, लोकांना मी बघतो. तुझी सीट कुठे आहे ते दाखव मला. मोबाईलवर नकाशा दाखवला. म्हणाले, एवढ्या पुढे? मग ठीक आहे."

"आईला माहीत आहे?"

"आई त्या दिवशी मावशीकडे होती, दादरला." त्याने डोळे पुसले. "मॅडम, माझं नाव लिहा. बाबांचं नको. चाळीत त्यांचं तेवढंच होतं हो. आईने सगळ्यांसमोर शाप दिलेत गाडी घालणाऱ्याला. ते मला लागू देत."

मी तेव्हाही "बघते" म्हणाले.

कागदावर खोटं लिहिणं शक्य नव्हतं. गाडी मृताच्या संमतीने आणि त्यांनी स्वतः उभी करवली, असंच लिहावं लागणार होतं. गुन्हा कोणावर होत नव्हता. डॉक्टरांनाही विचारलं, वीस मिनिटं आधी पोहोचले असते तर वाचले असते का, हे ते सांगू शकले नाहीत. पण अर्ज काकूंचा होता. निकाल त्यांना कळवून त्यांचा पुरवणी जबाब घ्यायचा होता.

मी ठरवलं होतं, त्यांना आतल्या खोलीत एकटीला बसवायचं आणि सांगायचं. काय बोलायचं हेही आदल्या दिवशी मनात जुळवलं होतं. पण त्या आल्या त्या पुन्हा सगळ्या चाळीसह. शेजारी त्यांच्या बाजूला उभे होते. मुलगा दाराशी होता. काकूंनी माझ्याकडे पाहिलं. "सापडला?" म्हणाल्या.

जुळवलेलं सगळं गेलं. त्यांच्या चेहऱ्याकडे बघून एक शब्द बोलणं मला जमेना. समोर त्यांच्या सहीसाठी तयार केलेला जबाबाचा कागद होता, चौकशीचा निकाल त्यातच लिहिलेला. जबाब वाचून दाखवायचा असतो, ही पद्धतच आहे. मी कागद उचलला आणि वाचायला सुरुवात केली. ठाण्यात वाचतात तसा, स्पष्ट, मोठ्याने, न थांबता. मधेच हवालदारांनी माझ्या कोपराला हात लावला. मला वाटलं, पुढे वाचा म्हणतायत. मी शेवटपर्यंत वाचलं.

मग शेजारी म्हणाले, "म्हणजे तात्यांनीच?" त्यांनी ते रागाने म्हटलं नव्हतं. पण ते लगेच बाहेर गेले आणि त्यांच्यामागून बाकीचेही एकेक करून गेले. ठाण्याच्या जिन्यावर त्यांची कुजबुज सुरू झालेली मला ऐकू आली. तीस वर्षं पाळलेला नियम आणि त्यावर उभं असलेलं एका माणसाचं नाव त्या जिन्यावर संपलं.

मुलगा येऊन आईच्या पायाशी बसला. तिने त्याच्या डोक्यावर हात ठेवला, तोही सवयीने ठेवल्यासारखा.

नंतर मी अनेक प्रकरणं पाहिली. खरं शोधून काढणं हे अर्धंच काम असतं. ते कोणाला, कुठे आणि किती माणसांच्या देखत सांगायचं, हे उरलेलं अर्धं. त्याचं प्रशिक्षण मला कोणी दिलं नव्हतं आणि मी मागितलंही नव्हतं. मी कागदाच्या मागे लपले. दार लावून घ्यायला मला एक मिनिट लागलं असतं. त्या एका मिनिटाने तात्यांचं चाळीतलं नाव राहिलं असतं, आणि मुलगा ज्यासाठी स्वतः चोर व्हायला तयार झाला होता ते वाया गेलं नसतं.

काकूंनी जबाबावर सही केली. अक्षर लहान, नीट होतं. पेन मला परत देताना त्या म्हणाल्या, "खरं असेल हो, बाई. त्यांनीच लावली असेल. लेकासाठी लावली." मग दाराकडे, रिकाम्या जिन्याकडे पाहिलं. "फक्त जरा हळू वाचायचं होतं."