गोगलगाईच्या शेजारी माणूस

चंदना आमच्या बेंगळुरूतल्या राजाजीनगरच्या घरी कधी आलेली नाही, पण गेलं वर्षभर ती रोज आमच्या जेवणात असते. माझी बायको महानंदा भाकरीचा पहिला तुकडा मोडते आणि सुरू होते, "आज तिनं काय केलं ठाऊक आहे?" मी मान हलवतो. नाही हलवली तर मला भाजी कमी मिळते.

महानंदाचं काम गोगलगाईंचं. बेळगावकडच्या खेड्यातली मुलगी, शिकून इथल्या एका संशोधन संस्थेत लागली आणि अर्धं आयुष्य डोंगरांत दगड उलटे करत फिरली. लग्नानंतरची आमची पहिली सहलसुद्धा गोगलगाईंच्या मागेच झाली. मी छत्री धरली होती. तिचं एकच म्हणणं होतं: दूरदूरच्या कातळटेकड्यांवर मिळणाऱ्या चपट्या शंखांच्या गोगलगाई एकाच कुळातल्या. त्यावर शोधनिबंध निघणार होता आणि त्यावर पहिलं नाव तिचं लागणार होतं. त्या नावाची वाट बघत तिचे केस पांढरे झाले.

मग चंदना आली. बेंगळुरूच्याच जुन्या मराठी घरातली, वयानं आमच्या थोरल्या लेकीएवढी. ती शंखाकडे बघतच नाही. महानंदानं जमवलेल्या बाटल्या उघडते, गोगलगाईच्या मांसाचा कण काढते आणि त्यातला डीएनए वाचते. पिढ्यान्‌पिढ्या त्याच्या नकला होताना बारीक चुका होतात, आणि त्या चुका पुढे लेकराबाळांत उतरतात. ज्यांच्यात त्याच त्या चुका, ते जवळचे नातेवाईक. अशा चुका जुळवून ती गोगलगाईंचा वंशवृक्ष मांडते. त्या झाडावर महानंदाच्या चपट्या गोगलगाई वेगवेगळ्या फांद्यांवर जाऊन बसल्या. कातळाच्या फटीत शिरायचं तर शंख चपटा हवा, म्हणून ज्या त्या कुळात तो आपापला चपटा झाला.

मी यशवंतपूरच्या बाजारात कांद्याच्या आडतीवर असतो. मी म्हटलं, "आमच्या हमालांचे खांदे बघ, सगळ्यांचे सारखे. म्हणून काय ते सख्खे भाऊ झाले?"

महानंदानं माझ्यापुढची आमटीची वाटी उचलून नेली. "तुम्ही तिच्याच बाजूचे. तुमच्याच बेंगळुरूच्या मराठी लोकांतली ना ती!"

जळत होती बिचारी, दुसरं काय! चंदनाच्या डीएनएवर जळत होती, आणि तिच्या केसांवर, स्कूटरवर, हसण्यावरसुद्धा. "आणि काय ती मराठी! 'अक्का, स्वल्प थांबा' म्हणते मला, अर्धं कानडी." आमच्या आईचीही मराठी अशीच होती, पण ते बोलायची माझी छाती झाली नाही. संस्थेत आता पहिलं नाव चंदनाचं लावायचं घाटत होतं.

एका संध्याकाळी मात्र महानंदा पेढे घेऊन घरी आली.

"तिची एक गोगलगाय माणसाच्या शेजारी जाऊन बसली!"

मला काही कळेना. तिनं सांगितलं ते असं: चंदनानं एका बाटलीतला डीएनए वाचला, जगभरच्या प्राण्यांशी ताडून पाहिला, तर तो गोगलगाईंत बसेना. तो माणसाचा निघाला.

"म्हणजे नमुन्याला कुणाचा तरी उघडा हात लागलाय. हातमोजे घालायचा कंटाळा, आणि म्हणे विज्ञान! एक बाटली नासली तर बाकीच्यांचा काय भरवसा? उद्या बैठकीत सगळ्यांसमोर विचारते." त्या दिवशी मला आमटी दोनदा मिळाली.

दुसऱ्या दिवशी ती आली आणि पर्स न ठेवताच खुर्चीत बसली.

"विचारलंस?"

"विचारलं. म्हणाली, 'ती बाटली बाद केली, बाकीच्या पुन्हा वाचल्या, झाड तेच येतंय.' मी म्हटलं, हात कुणाचा ते सांग. तर म्हणते, 'त्याचं काय एवढं, अक्का.'"

पण महानंदा सोडणारी नव्हे. त्यांच्याकडे रीत आहे, कामाला लागताना प्रत्येकानं आपल्या गालातला नमुना देऊन ठेवायचा, म्हणजे असा घोळ झाला तर माणूस सापडतो. बैठक संपल्यावर तिनं स्वतः जुळवून पाहिलं.

"मग? चंदनाच ना?"

"मी." ती आपल्या तळहाताकडे बघत होती. "माझीच बाटली. टेकडीवर उघड्या हातानं भरलेली. तेव्हा आम्हाला शंख हवा होता, आतल्या मांसाचं कुणाला पडलं होतं? चंदनाला आठवडाभर माहीत होतं, अहो. तिनं आधीच जुळवून पाहिल्याची नोंद तिथंच होती."

"आणि बैठकीत तुझं नाव घेतलं नाही? मग चांगली आहे की पोर."

"तेच तर!" ती एवढ्या जोरात ओरडली की शेजारच्यांचा टीव्ही बारीक झाला. "घ्यायचं होतं तिनं नाव! मी भांडले असते तिच्याशी. झाड तिचं, पहिलं नाव तिचं. आता मोठेपणाही तिनंच घेतला. मला काय ठेवलं?"