नवऱ्याचं अर्धं शहर

डॉक्टरांनी ह्यांना विचारलं, "सोबत कोण आहे तुमच्या?" हे म्हणाले, "कोणी नाई जी. बायको तर आलीच नाई."

मी तिथेच होते. पलंगाला लागून स्टुलावर, त्यांचा डावा हात माझ्या दोन्ही हातांत धरून. आमच्या वडशापासून चंद्रपूरच्या दवाखान्यापर्यंत गाडीत ह्यांचं डोकं मांडीवर घेऊन मी आले, आणि हा माणूस सांगतो बायको आलीच नाही! असा संताप आला म्हणून सांगू. डॉक्टर मात्र हसले नाहीत. त्यांनी ह्यांना कागदावर घड्याळ काढायला लावलं. ह्यांनी गोल काढला आणि सगळे आकडे उजव्या अर्ध्यात दाटीवाटीने बसवले. डावा अर्धा गोल कोरा.

स्ट्रोक, म्हणजे मेंदूच्या एका भागाचा रक्तपुरवठा अडणं. आपल्याकडे लकवा म्हणतात. ह्यांच्या मेंदूची उजवी बाजू गेली होती, त्यामुळे डावा हात-पाय लुळा पडला. एवढं मला कळत होतं. पुढचं नवीन होतं. "याला लेफ्ट निग्लेक्ट म्हणतात," डॉक्टर म्हणाले. "डोळे चांगले आहेत, पण डावीकडे काही आहे हेच त्यांच्या मेंदूला ठाऊक नाही. ते तुमच्यावर रुसलेले नाहीत, बाई. त्यांच्यासाठी ती बाजूच उरली नाही."

हे झाडीपट्टीच्या, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भातल्या, नाटकांचे पडदे रंगवतात. राजमहाल, बाजार, देवळाचा चौक, सगळं ह्यांच्या हातचं. दिवाळीनंतर सीझन लागतो, त्याआधी वडशाच्या शेडमध्ये पडद्यांचे कपडे ताणून हे दिवसभर रंगवत असतात. लकवा आला त्या दिवशी डाव्या पायातली चप्पल सुटली तरी चालतच राहिले, आणि चहा ओठांच्या कडेने गळला. मला वाटलं, ऊन लागलं. शेजारचे म्हणाले, जंगलातल्या वैदूकडे न्या, तो लकवा उतरवतो. नागपूरला शिकणारी आमची लेक रूपाली फोनवरच ओरडली, आधी दवाखाना. तिचं ऐकलं म्हणून बरं.

आता मी डावीकडेच का बसले होते, ते सांगते. आमच्या मोठ्या नणंदबाईंचा शिरस्ता कडक. पूजेला बायको नवऱ्याच्या उजवीकडे, बाकी सगळीकडे डावीकडे. आजारी माणसाजवळ तर हमखास डावीकडे, म्हणजे बायकोचं सौभाग्य त्याचं दुखणं अडवतं म्हणे. त्या पहिल्याच दिवशी दवाखान्यात आल्या, स्टूल ओढून डावीकडे ठेवलं आणि मला तिथे बसवून गेल्या. मी इमानदारीत बसले. मी ताट पुढे ठेवायचे, तोंड पुसायचे, बोलायचे. हे आवाज ऐकून उजवीकडे शोधायचे आणि नर्सला सांगायचे, माझ्या बायकोचा आवाज येऊन राह्यला, पण बाई काही दिसत नाई.

जेवणाचंही तेच. ताटातला उजवा अर्धा भात खायचे आणि चिडायचे, हे लोक पोटभर वाढत काऊन नाई. मी ताट फिरवलं की परत भात हजर. तेव्हा खूश व्हायचे.

शेवटी माझा धीर सुटला. नणंदबाईंचा शिरस्ता गेला खड्ड्यात, म्हटलं आणि स्टूल उचलून उजवीकडे नेलं. ह्यांचा चेहरा असा फुलला! "आली काय तू? इतके दिवस कुठी होती?" मी मनसोक्त रडून घेतलं.

पण ऑक्युपेशनल थेरपीच्या मॅडम आल्या. ऑक्युपेशनल थेरपी म्हणजे अंघोळ, जेवण, कपडे, आपलं काम, हे सगळं पुन्हा शिकवायचा उपचार. त्यांनी स्टूल पाहिलं आणि मला बाहेर बोलावलं. डावीकडे बघायची सवय मेंदूला पुन्हा लावली नाही, तर हा माणूस एकटा रस्ता ओलांडू शकणार नाही, शिडीवर चढून पडदा रंगवणं तर विसराच, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. मग म्हणाल्या, "तुम्ही दिसावं म्हणून तुम्ही फिरू नका. त्यांना फिरू द्या."

मी परत डावीकडे जाऊन बसले. ह्यांनी विचारलं, गेली काय ती? त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

रूपाली नागपूरहून आली ती लॅपटॉप घेऊन. त्यात एक गेम होता, ओपन-वर्ल्ड म्हणतात तसला. म्हणजे अख्खं शहर बनवलेलं असतं, कुठेही फिरा, कोणी अडवत नाही. शेकडो वर्षांपूर्वीचं परमुलखातलं शहर, घुमट, कमानी, दगडी फरशी, गाढवांवर लादलेली पोती. मारामारी बंद करून नुसतं हिंडायची सोयही होती. चालायची बटणं उजव्या हाताने दाबता येतील अशी तिने लावून दिली. मी कपाळाला हात लावला. बाप मरता मरता वाचला आणि ही गेम आणते!

पण हे त्या शहरात हरवून गेले. आयुष्यभर न पाहिलेली शहरं रंगवणारा माणूस तो. कमानीखालची सावली बघून म्हणाले, बरोबर टाकली, आपली निळी कमी पडते. कांदे विकणाऱ्या बाईपाशी उभे राहून तिच्या लुगड्याचा रंग ठरवत बसले. मॅडमना ही कल्पना फार आवडली. त्यांनी लॅपटॉपच्या पडद्याच्या डाव्या कडेला लाल पट्टी चिकटवली आणि नियम घालून दिला की ती लाल पट्टी दिसल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही. याला अँकरिंग म्हणतात, नजरेला खुंटी ठोकून देणं.

ह्यांना लाल पट्टी काही सापडेना, तरी चालतच राहायचे. प्रत्येक वळणावर उजवीकडेच वळायचे. कारंजं, मसाल्याचं दुकान, कमान, परत कारंजं. घाण्याच्या बैलासारखे गोल गोल. वर मलाच ऐकवायचे, "शहर लहानच आहे. नदी बी नाई साधी. नदीशिवाय कोणी शहर वसवते काय?" नदी पडद्यावर डाव्या बाजूला भरभरून वाहत होती. मी सांगायचे, डावीकडे पाहा जी, डावीकडे. हे म्हणायचे, पाह्यलं. वाद घालून घालून माझा घसा बसला.

मग मॅडमनी सांगितलं, आता सांगणं कमी करा, त्यांचं त्यांना सापडू द्या. गप्प बसणं हे माझ्यासाठी लकव्याहून अवघड काम होतं. तरी बसले.

एका दुपारी रूपाली चहा आणायला गेली होती. हे कारंज्यापाशी थांबले. उजवीकडे वळायला बोट गेलं आणि थबकलं. मान हळूहळू डावीकडे यायला लागली, जड दार ढकलावं तशी. लाल पट्टी सापडली. त्यांनी शहर फिरवलं आणि पडदाभर नदी आली. घाट, होड्या, पाण्यात उतरणाऱ्या पायऱ्या. मग काठाकाठाने नजर डावीकडे सरकत गेली, पट्टी ओलांडून, लॅपटॉपची कड ओलांडून, माझ्या हातावर आली, तिथून तोंडावर.

"तू कवापासून बसून आहेस इथी?"

"तुमी आले तवापासून," मी म्हटलं.

ह्यांनी उजव्या हाताने माझा हात चाचपून पाहिला. मग लहान पोरासारखे रडले. मीही रडले, लाज कसली त्यात.

एका दुपारीत सगळं बरं झालं असं समजू नका. दुसऱ्या दिवशी परत म्हणाले, बायको कुठी गेली. असं कितीदा सापडले, कितीदा हरवले. पण प्रत्येक वेळी शोधायला कमी वेळ लागला. तुमच्या घरात ही वेळ आली तर एवढंच सांगते: तो म्हणाला कोणी आलंच नाही, तर मनाला लावून घेऊ नका. आणि सोपं पडतं म्हणून त्याच्या दिसत्या बाजूला जाऊन बसू नका. त्या मॅडमचे उपकार मी जन्मभर विसरणार नाही, आणि लेकीच्या त्या गेमचेही.

आता आम्ही घरी आहोत. हे काठी घेऊन चालतात. दाराची डावी चौकट अजून खांद्याला लागते. शिडीवर चढायला मनाई आहे, पण कपडा जमिनीवर अंथरून खालचा भाग रंगवतात, वरचा चेल्यांकडून रंगवून घेतात आणि त्यांना शिव्या घालतात. संध्याकाळी आम्ही दोघं बाजाराच्या रस्त्याने फिरायला जातो. मी डावीकडून चालते. चार पावलं झाली की मान वळवून डावीकडे पाहायचं, असं मॅडमनी ह्यांना बजावलं आहे. ते गाड्यांसाठी. मला ठाऊक आहे गाड्यांसाठी. तरी दर वेळी ह्यांची मान वळायला लागली की मी पदर सारखा करते.