बाविसाव्या पानावरचा दोरा

"भायर कितीय फुलां काढूंदेत, आतली शिवण बघूक व्हयी," असं म्हणत बाय पुस्तक हातात घेत आणि ब्लाउज उलटा करून पाहावा तसं ते मागून उघडत. रहस्यकथेची शेवटची दोन पानं उभ्याउभ्या वाचून झाली की मगच ती घरी न्यायची की नाही ते ठरे. शेवट आधी वाचणाऱ्यांबद्दल तुमचं जे मत असेल तेच माझंही होतं. एकदा न राहवून मी विचारलं, "बाय, खुनी आधीच कळलो तर मागीर वाचूचां कित्याक?"

"खुनी कोण तां कोणय सांगतलो, भाऊ. पयल्या पानापासून तो खुनी शोभता काय नाय, तां माका बघूचां आसा."

मी पुस्तक त्यांच्या नावावर लिहून घेतलं.

गोवा मुक्त होऊन दहा-बारा वर्षं झाली असतील तेव्हा. मी आमच्या पेडण्याकडच्या एका वाचनालयात ग्रंथपाल होतो. म्हणजे कुलूप उघडणे, झाडू मारणे, वर्तमानपत्रावरून भांडणाऱ्यांना शांत करणे आणि वेळ उरलाच तर ग्रंथ पाहणे. बायंचं शिवणाचं दुकान समोरच, बस थांबायची तिथे. एक मशीन, एक बाक आणि भिंतीला टांगलेले अर्धे शिवलेले ब्लाउज. बाजारातली लहानथोर माणसं त्यांना बायच म्हणत.

आमच्याकडे एक कपाट मालिकांचं होतं. काळ्या कोटातल्या एका गुप्तहेराची मालिका, जादूच्या राज्याची एक, आणि जाईल त्या गावात खुनाचा छडा लावणाऱ्या एका मावशीची. बाय फक्त याच कपाटापाशी जात आणि फक्त नावं ठेवत.

गुप्तहेराबद्दल: "एवढ्या गरमेत काळो कोट! घाम कसो येना तेका?"

मावशीबद्दल: "ही जंय जाता थंय एक मरता. तरी माणसां हिका जेवणाक बोलयतत!"

जादूच्या राज्याबद्दल तर त्यांनी मला अर्धा तास उभा धरला. "मेल्लो राजा परत येता, तेचां माका कायच नाय. जादू आसा, येंवदी. पण तिसऱ्या भागात तो तलवार डाव्या हातान धरी, सातव्यात उजव्या हातान. तेच्या शिंप्यान बाही खंयच्या हाताची सैल ठेवूची?"

मी कपाटातून दोन्ही भाग काढून बघितले. बायंचं बरोबर होतं. आणि एवढं सगळं बोलून झाल्यावर, म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून मी नवे भाग आणले की माझी पिशवी रिकामी होण्याआधी दारात उभ्या असत त्या बायच.

मग एके दिवशी एक वाचक तक्रार घेऊन आला. पुस्तकात दोरा आहे म्हणाला. बाविसाव्या पानाच्या समासात एकच टाका, काळ्या दोऱ्याचा, मागून गाठ मारलेला. मी कपाट उघडून पाहिलं तर निम्म्या पुस्तकांत बाविसाव्या पानावर टाके. कुठे लाल, कुठे पांढरा, कुठे काळा. मी तावातावाने रस्ता ओलांडला.

"बाय, पुस्तकांक भोकां पडतत!"

"आनी तुमी एकविसाव्या पानार धपकन शिक्को मारतास, तेचां काय? अक्षरां दिसनत. तुमचो शिक्को एकविसार, म्हणान मी बाविसावां घेतलां."

चोरीला गेलेलं पुस्तक ओळखता यावं म्हणून शिक्का मारायचं गुप्त पान कोणतं, हे वाचनालयात फक्त मलाच ठाऊक आहे असा माझा समज होता. तो तिथेच संपला.

"पण दोरो कित्याक?"

"लाल म्हळ्यार जेवण करपलां तरी चलात. पांढरो म्हळ्यार म्हापशाक जाताना बशीत वाचूचां. काळो म्हळ्यार मी वाचलां, तुमी वाचू नकात."

वाचकांना हे कळायला आठवडाही लागला नाही. लोक पुस्तक घेताना पहिल्यांदा बाविसावं पान उघडू लागले. तुम्हाला वाटेल, लाल दोऱ्याला मागणी आली असेल. तसं काही नाही. काळ्या दोऱ्याची पुस्तकं कपाटात टिकेनात, कारण ती किती वाईट आहेत हे प्रत्येकाला स्वतः पाहायचं होतं. पुढे पुस्तक वाचून झालं की लोक दोऱ्याशेजारी आपापली ठरलेली खूण करू लागले. कोणी टिंब, कोणी फुली, कोणी त्रिकोण. मी काही दिवस रबराने खोडत बसलो आणि मग कंटाळून सोडून दिलं.

तशात एक निवृत्त हेडमास्तर वाचनालयाचे अध्यक्ष झाले. माणूस सरळ, पण साहित्य म्हणजे चिंतन असं ठाम मानणारा. त्यांनी ठरवलं की मालिकांचं कपाट रिकामं करायचं, पुस्तकं रद्दीत द्यायची आणि त्या जागी मोठे ग्रंथ लावायचे. वार्षिक सभेत तसा ठराव येणार होता.

मी ते बायंना सहज म्हणून सांगितलं. मशीन थांबलं.

"सगळीं?"

"सगळीं. तुमका तरी खंय आवडत ती?"

त्यांनी हातातलं कापड बाजूला ठेवलं. मग म्हणाल्या, "शाळेच्या वयात मी काजां करूक बसलंय, भाऊ. मुक्तीनंतर प्रौढांचो वर्ग सुरू जालो, थंय अक्षरां शिकलंय. मागीर तुमच्या वाचनालयातलो एक मोठो ग्रंथ घेतलो. पयल्याच पानार अडकलंय. लाज वाटली, परत दिलो. ह्या पुस्तकांत फुडे काय जातलां तां कळूक व्हयां, म्हणान मी पान उलटी. उलटता उलटता वाचूक येवक लागलां. हीं गेल्यार मी वाचूचां काय?"

मला माझीच लाज वाटली. इतकी वर्षं मी त्यांच्या शेऱ्यांवर हसत होतो, आणि ती पुस्तकं त्यांना किती लागतात हे मला एकदाही कळलं नव्हतं.

सभा रविवारी सकाळी होती. अध्यक्षांनी ठराव मांडला. "ही पुस्तकं म्हणजे निव्वळ वेळेचा अपव्यय. या सभेतलं कोणी ती वाचत असेल असं मला वाटत नाही."

बाय उठल्या. आमच्या सभेत तोवर कोणी बाईमाणूस बोललं नव्हतं. हातात जादूच्या राज्याचा सातवा भाग होता.

"ह्यातलीं अर्धीं पुस्तकां उसवलेलीं, तां मीच म्हणतंय. तां म्हणूचो हक्क माका आसा, कारण मी तीं वाचलींत. जेणी वाचूक नाय, तेणी फेकू नयेत." मग त्यांनी बाविसावं पान उघडून अध्यक्षांपुढे धरलं. "ह्यां टिंब पोस्टातल्या भावाचां. ही फुली चोपड्याच्या फेरीबोटीवयल्याची. हो त्रिकोण आमच्या नर्सबायचो. आनी ही..."

त्या थांबल्या. मी अध्यक्षांच्या शेजारीच इतिवृत्त लिहायला बसलो होतो, त्यामुळे मला ती खूण दिसली. हिरव्या शाईतली, शेपटी लांब ओढलेली बरोबरची खूण. गावातल्या निम्म्या लोकांच्या वह्यांवर ती कधी ना कधी पडलेली होती.

बायंनी तिच्यावर अंगठा ठेवला. "ही कोणाची, माका म्हायत नाय."

अध्यक्ष त्या अंगठ्याकडे बघत राहिले. मग चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "विषय तहकूब."

सभा सुटल्यावर पायऱ्यांवर मी बायंना गाठलं. "ती खूण कोणाची तां तुमका खराच म्हायत नाय?"

"एका गिऱ्हाइकाचां माप मी दुसऱ्याक सांगतंय काय?" त्या म्हणाल्या आणि दुकान उघडायला गेल्या.

तो विषय पुढे दरवर्षी पटलावर यायचा आणि दरवर्षी तहकूब व्हायचा. कपाट होतं तिथेच राहिलं, नवे भाग येत राहिले आणि बाय त्यांना नावं ठेवत राहिल्या.

मग बाय गेल्या. महिनाभराचं दुखणं. मशीन डिचोलीची भाची घेऊन गेली, दुकानाच्या जागी दुसऱ्या कोणीतरी भुसारी माल भरला. पुढचा भाग आला का म्हणून विचारणारं दारात कोणी उरलं नाही. मला त्यांची आठवण येते, अजूनही येते.

त्या वर्षीच्या सभेत तो तहकूब विषय पुन्हा निघाला. अध्यक्ष आता काठी टेकत येत. ते सावकाश उभे राहिले.

"त्या दिवशी बायंच्या अंगठ्याखाली होती ती खूण माझी," ते म्हणाले. "मी सगळे भाग वाचले आहेत."

मग त्यांनी काठीचं टोक माझ्या इतिवृत्ताच्या वहीकडे वळवलं.

"कपाट कायम राहील, असा ठराव लिहा. सूचक म्हणून बायंचं नाव घाला."

मी हळूच म्हटलं, "सर, सूचक हयात असावा लागतो. नियमात..."

"नियम मला ठाऊक आहेत. लिहा."

मी लिहिलं. इतिवृत्तात सूचकाच्या जागी अजूनही 'बाय' एवढंच नाव आहे.