चौदा नंबरचं दार

सिमीची आई दोरीवर कपडे घालताना भांडायची. कुणाशी, ते कळायचं नाही, कारण मागच्या अंगणात दुसरं कुणी नसायचं. पाठीवर कापडाने बांधलेलं तान्हं पोर, तोंडात दोन चिमटे, आणि चिमटे निघाले की आवाज असा, की आमच्या स्वयंपाकघराची खिडकी लावलेली असली तरी ऐकू यावा. एक ओळ म्हणायची, थांबायची, नाक मुरडायची, ओला टॉवेल फाडकन झटकायची आणि तीच ओळ पुन्हा, जरा फिरवून. मी सुनेला विचारलं, "मेधा, या बाईचं डोकं ठिकाणावर आहे ना?" ती म्हणाली, "बाबा, त्या कवयित्री आहेत. ओळ मोठ्याने म्हणून बघतात, बसते का ते."

मला खरं वाटलं नाही. मी चौथी पास. पण मिरजेत बाइंडिंगच्या कारखान्यात माझी चाळीस वर्षं गेली. कविता करणारी माणसं मी भरपूर पाहिलेली. ती येऊन पुठ्ठ्याचा रंग बोटाने चाचपत बसायची आणि हळू बोलायची. कपडे वाळत घालता घालता आभाळाला दम देणारी कवयित्री मी पाहिली ती इथे आयर्लंडात, ॲडम्सटाउनला, आमच्या चौदा नंबरच्या भिंतीला लागून असलेल्या सोळा नंबरात.

तिचं नाव मोठं होतं आणि माझ्या जिभेला ते बसलं नाही. सिमी तिची थोरली मुलगी, म्हणून मी तिला सिमीची आई म्हणू लागलो. मेधाला ते आवडेना. "बाबा, त्यांना स्वतःचं नाव आहे. त्या लेखिका आहेत." एकदा तिने बिचकत बिचकत त्या बाईलाच हे सांगितलं. बाई इतकी हसली की पाठीवरचं पोर जागं झालं. त्यांच्या लागोसकडेही पोराच्या नावावरूनच आईला हाक मारतात म्हणे. म्हणाली, "तुझ्या सासऱ्यांना सांग, मी सिमीची आई आहे आणि कवयित्री आहे. दोन्ही एकाच अंगात. ज्याला एकच दिसतं त्याने चष्मा बदलावा." मला ती बाबूजी म्हणे. लहानपणी लागोसला टीव्हीवर आपल्याकडच्या मालिका बघून ती तेवढं शिकली होती. बाकीचं बोलणं मेधा मधे राहून सांगायची, ती नसली की माझ्या मोडक्यातोडक्या इंग्रजीवर.

सिमी हे नाव मात्र फक्त घरच्यांसाठी. शाळेत सिमिसोला. कुणी मास्तर तिला "सिम" म्हणाला, तर ही नोकरीवरून ब्लँचर्डस्टाउनहून परस्पर शाळेत गेली आणि वाटेत पाळणाघरातून उचललेलं पोर कडेवर घेऊन मास्तरांकडून पूर्ण नाव तीन वेळा म्हणवून घेतलं. तिसऱ्यांदा बरोबर आल्यावर "थँक यू" म्हणून घरी. रस्त्यात कुणी विचारलं, "तुम्ही कुठल्या?" की ही सांगायची, "सोळा नंबरच्या." "नाही, म्हणजे त्याआधी?" "त्याआधी लूकनला होते." "नाही हो, म्हणजे मूळच्या?" "मूळची मी घाईत आहे," असं म्हणून चालू लागायची.

ती लिहायची ते सिमीच्या जुन्या वह्यांच्या उरलेल्या पानांवर. गॅसवर भात, टेबलावर वही. रविवारी सकाळी मागच्या पायरीवर बसून सिमीच्या बारीक बारीक वेण्या घालायची, तीन-तीन तास, आणि सुचलेली ओळ सिमीला सांगायची. सिमी मांडीवर वही घेऊन ती उतरवून घ्यायची. कधी म्हणायची, "मम्, ही ओळ बंडल आहे." मग वेणी जरा ओढली जायची. मेधाने एकदा विचारलं, "मुलं सांभाळून लिहिता कधी?" ती म्हणाली, "सांभाळतानाच लिहिते. मुलं काय सायकल आहेत, बाहेर कुलूप लावून आत यायला?"

एका शनिवारी ती आमच्या दारात आली. हातात कागदांचा गठ्ठा. डब्लिनच्या कुणा प्रकाशक बाईने तिचं पुस्तक काढायचं कबूल केलं होतं, आणि शेवटी म्हणाली होती, एक कविता तेवढी काढा, वाचणाऱ्याला आपल्यावर आरोप केल्यासारखं वाटतं. सिमीच्या आईने उत्तर पाठवलं, "आरोपच आहे," आणि सगळं पुस्तक परत आणलं. कॉपीच्या दुकानातून तिने स्वतःच चाळीस प्रतींचे कागद छापून घेतले. मेधाकडून तिला माझा धंदा कळला होता. "बाबूजी, हे शिवून द्याल?"

सुई-दोरा सोडून मला बारा वर्षं झाली होती. मी म्हटलं, "शिवीन. पण कशात हात घालतोय ते मला आधी कळलं पाहिजे." ती गेल्यावर मेधा एकेक कविता वाचून मराठीत सांगू लागली. एका कवितेपाशी ती अडली. "यात काही विशेष नाही, बाबा." मी म्हटलं, "हीच ती काढायला सांगितलेली. वाच."

कवितेचं नाव होतं "दारं". आमच्या रस्त्यावरची घरं, नंबराने, एकामागून एक. कोण हसलं, कोणी पडदा ओढला, कोणी केक आणून दिला, कोणी पोलिसांना फोन केला. आणि चौदा नंबर. एक मुलगी चेंडू मागायला येते. म्हातारा तिला पायापासून केसापर्यंत बघतो. चेंडू आत, मुलगी बाहेर, दार बंद.

ही गोष्ट मी सुरुवातीला सांगितली नाही, आता सांगतो. ती माणसं राहायला आली त्याच आठवड्यातली. सिमी इथला तो काठीचा खेळ खेळते, चामड्याचा छोटा कडक चेंडू असतो त्यात. तो भिंतीवरून आमच्या अंगणात पडला. बेल वाजली. मी दार उघडलं आणि कवितेत आहे तसंच केलं. चेंडूही दिला नाही. तिच्या हातात वाकडी काठी होती, म्हणून घाबरलो, असं मी स्वतःला सांगत आलो. पण काठी नसती तरी मी दार लावलंच असतं. माझी बायको सावळी होती, तिला माझ्या आईने जन्मभर काय काय ऐकवलं ते मी कानाने ऐकलेलं. तरी लावलं.

मेधाने कागद खाली ठेवला. आमच्या घराण्यात कुणाचं नाव कुठल्या चावडीवर लागलेलं नाही, आणि इथे परक्या मुलखात माझं दार पुस्तकात! मी ठरवलं, शिवून देतो म्हटलंय तर शिवून देणार. पण ते पान जाणार. चाळीसही प्रतींतून.

आता जुजबंदी कशी असते, ते ज्यांनी केलेली नाही त्यांच्यासाठी सांगतो. कागद मधोमध दुमडतात, दुमडलेले कागद एकात एक घालतात आणि घडीतून दोरा घेतात. म्हणजे प्रत्येक पानाला पलीकडच्या बाजूला जोडीचं पान असतं. एक कापलं तर दुसऱ्याला धरायला काही उरत नाही. म्हणून कापायचंच असेल तर बोटभर पट्टी ठेवतात. पट्टी ठेवली असती तर तिला दिसली असती. म्हणून पहिल्या प्रतीत मी घडीपाशी साफ कापलं आणि जोडीचं पान खळीच्या भरवशावर सोडलं. खळ मी मिरजेच्या मापाने शिजवली होती. मिरजेत ती दुपारपर्यंत खडखडीत वाळते. इथल्या ओल्या हवेत चार दिवस झाले तरी कण्यात ओलच होती, आणि ते माझ्या चाळीस वर्षांच्या अनुभवाच्या लक्षात आलं नाही.

नमुन्याची प्रत बघायला ती आली. आमच्या स्वयंपाकघरात उभ्यानेच पुस्तक उघडलं. कण्यावरून अंगठा फिरवला, माझ्याकडे बघून मान डोलवली. पुढची पानं उलटली आणि एक पान सुटून फरशीवर पडलं. सिमी जन्मली त्या दिवशीची कविता होती ती. मेधाने ती मला दोनदा वाचून दाखवली होती. बाईने पान उचललं, जोडीचं कुठे आहे म्हणून पुस्तक चाळलं. पुन्हा चाळलं.

"दारं कुठे आहे?"

मेधा माझ्याकडे बघू लागली. मी म्हटलं, "मी काढलं." मराठीतच म्हटलं. त्याला भाषांतर लागलं नाही.

"त्या डब्लिनच्या बाईने निदान विचारलं तरी होतं," सिमीची आई म्हणाली.

"त्या दिवशी पोर चेंडू मागायला आली तेव्हा मी पूजेला बसलो होतो," मी म्हटलं. "देवाच्या वेळी आम्ही दार लावून घेतो. सांग तिला, मेधा." मेधाने सांगितलं. खालच्या मानेने सांगितलं.

बाईने पाठीवरच्या पोराला जरा वर घेतलं, कापडाची गाठ आवळली. "असेल. मग ते तुम्ही लिहा, बाबूजी. दाराच्या आतलं मला कुठून दिसणार? मी बाहेरचं लिहिलंय, आणि त्यातला एक शब्द हलणार नाही. माझं पान द्या."

पान माझ्या खोलीतल्या खणात होतं. मी गेलो तशी ती मागे आली. खण ओढला, तर पानाशेजारी चेंडू. इतके महिने तिथेच होता. तिने तो बघितला. पान घेतलं, चेंडूला हात लावला नाही. म्हणाली, "तो सिमीचा आहे. तिला तुम्ही द्यायचा. दारात उभं राहून."

तीन दिवस मी घराबाहेर पडलो नाही. मुलगा म्हणाला, "बाबा, मी देऊन येतो." मी म्हटलं, "तू गप बस." चेंडूची शिवण एका जागी उसवली होती, ती मेण लावलेल्या दोऱ्याने शिवली. चौथ्या दिवशी सोळा नंबरची बेल वाजवली. आत पावलं वाजली, थांबली. काचेतून कुणीतरी बघत होतं. किती वेळ ते मला सांगता येणार नाही, पण वाऱ्यात उभं राहून बंद दाराकडे बघताना माणसाला आपले हात कुठे ठेवावेत ते कळत नाही.

सिमीने दार उघडलं. मी चेंडू पुढे केला. तिने शिवणीवरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "थँक्स. यू आर ग्रँड." इथली पोरं कशालाही ग्रँड म्हणतात, म्हणजे 'चालतंय, काही हरकत नाही'. मला ते त्या दिवशी झेपलं नाही. आतून आईचा आवाज आला, "बाबूजी, चेंडू आला तरी कविता राहणार!"

"राहू दे," मी ओरडून म्हटलं. "पण पुठ्ठा मी निवडणार!"

लाल निवडला. पहिली प्रत उसवून पुन्हा शिवली. चाळीसही प्रती मुलाच्या व्यायामाच्या वजनांखाली दाबल्या आणि गरम पाण्याच्या टाकीच्या कपाटात टॉवेलांच्या जागी वाळवल्या. खळ सुकली की नाही, ते प्रत्येकीला नख लावून बघितलं.

पुढे लायब्ररीत तिने आपल्या कविता लोकांसमोर वाचल्या. पोर पाठीवरच होतं. एका बाईंनी सुचवलं, बाळाला मी बाहेर घेऊन बसते. ती म्हणाली, "त्याने सगळ्या आधीच ऐकल्यात, तो काही बोलणार नाही." कपडे वाळत घालताना लावायची तोच आवाज तिने लावला. "दारं" सुरू झाली. आमच्या रस्त्यावरची पाच-सात माणसं आली होती, ती आपापला नंबर येईल तशी खुर्चीत सरकू लागली. चौदा आला तेव्हा तिने माझ्याकडे बघितलं नाही. त्यातला म्हातारा मीच, हे बहुतेक कुणाला कळलंही नसतं. मी उभा राहिलो. मेधा माझा सदरा ओढत होती. कविता संपेपर्यंत मी उभाच राहिलो.

पुढच्या वर्षी सोळा नंबरच्या मालकाने घर विकायला काढलं आणि ती माणसं दूर गॉलवेला गेली. सामान चढवताना तिने मला विचारलं, "बाबूजी, तुमचं लिहून झालं?" मी म्हटलं, मला कविता येत नाही. "मग जे येतं ते लिहा. पण दाराबाहेर उभं राहून लिहा." अजून मेधाच्या फोनवर तिचा निरोप येतो, आणि खाली तोच प्रश्न असतो.

तर हे लिहिलं. मेधाने ऱ्हस्व-दीर्घ सुधारलंय, बाकी कशाला हात लावू दिलेला नाही. ती मुलगी आली तेव्हा सकाळचे अकरा वाजले होते. माझी पूजा आठलाच झालेली होती. दार मी लावलं.